संसारातील सोयी : ट्रकची हत्यारपेटी कशी भरावी?

भगिनींनो, आजचा विषय पाहून काहीजणी म्हणतील, हे काय बायकांचं काम? पण आपल्या कोल्हापूर भागात तसं म्हणून चालायचं नाही. शाहू मार्केट यार्डातला गूळ गुजरातला जातो, शिरोली नि गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांतलं ओतीव सामान पुण्याला नि बेंगळुरूला जातं, गांधीनगरचं कापड कुठच्या कुठं जातं. हे सगळं ट्रकवर जातं, आणि त्या प्रत्येक ट्रकमागे एक घर असतं. गाडी वाटेत बंद पडली की खाडा होतो तो घराचा. हप्ता काही त्यासाठी थांबत नाही.

एका भगिनीने पत्रातून विचारलं आहे, "ह्यांनी कर्ज काढून गाडी घेतली. आता लांबच्या फेऱ्या सुरू होतील. दुकानदाराने हत्यारांची हातभर यादी दिली आहे. शिवाय सासऱ्यांच्या वेळची एक जड पेटी घरात आहे. ह्यांना वाटतं, सगळंच बरोबर असावं, अडचण नको. पैसे तर मोजकेच आहेत. खरोखर लागतं ते कोणतं?"

प्रश्न फार चांगला आहे. आपण मसाल्याच्या डब्यात घरातलं सगळं वाणसामान भरतो का? रोज लागतं ते हाताशी, अधूनमधून लागतं ते फडताळात, आणि काही वस्तू दुकानातच बऱ्या. हत्यारपेटीचंही तसंच आहे. पेटी जड झाली म्हणजे गाडी सुखरूप झाली, असं मुळीच नाही. उलट ढिगाऱ्यात हवा तो पाना रात्री सापडत नाही.

तीन प्रश्नांची चाळणी

प्रत्येक हत्यार पेटीत घालण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. एक, ज्यासाठी हे हत्यार आहे ते वाटेत बिघडण्यासारखं आहे का? दोन, ते काम यजमानांना स्वतःला येतं का? आणि तीन, येत असलं तरी रस्त्याच्या कडेला करणं सुरक्षित आहे का? तिन्हींचं उत्तर 'होय' आलं तरच हत्यार बरोबर घ्यायचं. एकाचंही उत्तर 'नाही' आलं, तर हत्याराऐवजी मेस्त्रीचा फोन नंबर बरोबर द्यायचा.

तिसरा प्रश्न पुरुषमंडळी बहुधा विसरतात. टायरचंच पाहा. चाक बदलून स्टेपनी चढवणं हे ड्रायव्हरचं काम. त्याला जॅक, चाकाचा पाना आणि टॉमी हवीच. पण पंक्चर झालेला ट्यूबचा टायर रिंगवरून उतरवून, ट्यूब काढून, पुन्हा हवा भरणं हे निराळं काम. ट्यूबच्या टायरची डिस्क पुष्कळदा एकसंध नसते, तिला वेगळी लोखंडी रिंग बसवलेली असते. ती नीट बसली नसेल तर हवा भरताना गोळीसारखी उडते. अशाने माणसं दगावली आहेत. पंक्चरवाल्याकडे यासाठी लोखंडी पिंजरा असावा लागतो, आणि पिंजरा नसेल त्या दुकानात चाकासमोर उभं राहू नये. म्हणून टायर उतरवायच्या पट्ट्या घरी ठेवा. "आम्ही जन्मभर रस्त्यावरच टायर उघडले," असं जुने ड्रायव्हर सांगतील. खरं आहे, त्या वेळी वाटेत दुकानं नव्हती. आज पुणे-बेंगळुरू रस्त्यावर ठिकठिकाणी आहेत. मग तो धोका घ्यायचा कशाला?

गाडी कोणत्या सालची?

यादी करण्याआधी गाडीचं आर. सी. बुक उघडा. १ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बी. एस. ६ च्या गाड्या आल्या. आधीच्या जुन्या इंजिनात डिझेल संपलं की पाइपात एअर धरायची, आणि ड्रायव्हर पान्याने नट सैल करून, हातपंप मारून एअर काढायचा. नव्या गाडीत इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपांत डिझेलचा दाब बाहेरच्या हवेच्या हजारपटीहून जास्त असू शकतो. चालू इंजिनाचा तो नट सैल केला तर डिझेलची धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणीएवढी जखम दिसते, पण तसाच दवाखाना गाठावा लागतो. तेव्हा नव्या गाडीला इंजेक्टरची हत्यारं नकोतच. बोर्डावर इंजिनाचा दिवा लागला की कंपनीच्या माणसाला बोलवायचं.

नव्या गाडीची आणखी एक गरज म्हणजे डी. ई. एफ. नावाचं युरियाचं पाणी. बहुतेक नव्या ट्रकांना त्याची निराळी टाकी असते. ते संपत आलं तर गाडीचा जोर कमी होतो. त्याचा एक सीलबंद कॅन आणि त्याच्यासाठीच एक स्वच्छ नरसाळं बरोबर द्या. डिझेलचं नरसाळं त्याला चालत नाही. लोणच्याचा चमचा आपण दह्यात बुडवतो का? तसंच ते. नरसाळ्यावर रंगाने ठळक खूण करून ठेवा.

सासऱ्यांची पेटी

जुनी पेटी टाकून देऊ नका, पण तशीच गाडीतही चढवू नका. जुने पाने पुष्कळदा सुती मापाचे असतात. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. आताचे नट मिलिमीटरचे. साडेपाच सुती पाना १७ च्या नटावर बसल्यासारखा वाटतो, पण जवळजवळ अर्धा मिलिमीटर सैल राहतो. जोर लावला की नटाचे कोपरे झिजतात, पाना सटकतो आणि हाताची सालटी निघतात. झिजलेला नट मग मेस्त्रीलाही लवकर सुटत नाही. त्या पेटीतला हातोडा, पहार, चांगली पकड जरूर घ्या. बाकीचं पुसून, तेलाचा हात फिरवून घरी ठेवा.

खरेदीपूर्वी एक रविवार

पाने विकत घेण्याआधी एक काम करा. गाडी रिकामी, सपाट जागी उभी असताना यजमानांबरोबर तिच्याभोवती एक फेरी मारा. ओळखीच्या मेस्त्रीचे पाने तासाभरासाठी मागून आणा. बॅटरीचा नट, फॅनबेल्टचा नट, दिव्यांचे स्क्रू, मडगार्डचे बोल्ट यांना कोणता पाना लागतो ते बघायचं आणि तुम्ही वहीत लिहायचं. यादी अशी गाडीवरून करावी, दुकानावरून नव्हे. मग चाळीस नगांचा चकचकीत सेट घ्यावा लागत नाही. आठ-दहा मापांत काम भागतं. साधारणपणे १०-११, १२-१३, १४-१५, १६-१७, १८-१९, २०-२२ आणि २४-२७ ही मापं पुष्कळ ठिकाणी लागतात.

मात्र एका मापाचे दोन पाने हवेत, एक उघड्या तोंडाचा आणि एक रिंग पाना. नट-बोल्ट सोडवताना एकाने डोकं धरायचं असतं आणि दुसऱ्याने नट फिरवायचा असतो. एकच पाना असला तर बोल्ट नुसता गरगर फिरतो. पैसे वाचवायचे तर मापं कमी घ्या, जोडी मोडू नका. आणि माल चांगला घ्या. पान्यावर माप स्वच्छ कोरलेलं असावं, आणि नटावर तो डब्याच्या घट्ट झाकणासारखा बसावा.

आता यादी

केबिनमध्ये, हात पोचेल असं : चमकणारे दोन त्रिकोण, चमकत्या पट्ट्यांचं जाकीट, डोक्याला बांधायची बॅटरी, जाड हातमोजे, हवा मोजायचं गेज, आग विझवायचं नळकांडं, प्रथमोपचाराचा डबा. नळकांड्यावरचा काटा हिरव्या भागात आहे ना, हे दर महिन्याला बघावं. गाडी बंद पडली की पाना हातात घेण्याआधी जाकीट अंगात आणि त्रिकोण रस्त्यावर, हा क्रम मोडायचा नाही. त्रिकोण गाडीच्या बुडाशी टेकवून उपयोग नाही, मागून वेगाने येणाऱ्याला थांबायला अवसर मिळेल इतका लांब ठेवायचा. खंबाटकी किंवा तवंदी घाटात गाडी वळणापलीकडे असेल, तर त्रिकोण वळणाच्या अलीकडे, येणाऱ्याला आधी दिसेल असा.

बाहेरच्या पेटीत : जॅक, जॅकखाली ठेवायला जाड लाकडी फळी, दोन लाकडी पाचरी, चाकाचा पाना, टॉमी, पहार, हातोडा, ओढायचा दोर, नरसाळं, पाण्याचा कॅन.

जॅकवर त्याची ताकद टनात लिहिलेली असते. २०१८ मध्ये नियम बदलले, तेव्हा चार टायरांच्या एका ॲक्सलवरचं वजन १०.२ टनांवरून ११.५ टनांपर्यंत चालेल असं ठरलं. तेव्हा वीस टनी जॅक घेतलात तर हाताशी राखीव ताकद राहते. फळीशिवाय जॅक लावला तर तो पावसाळ्यात मातीत रुततो. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरायचं नाही, कितीही घाई असो.

पाचरींबद्दल मुद्दाम सांगते. चाकाला दगड लावायची आपल्याकडे सवय आहे. काम झालं की गाडी निघून जाते आणि दगड रस्त्यातच राहतो. रात्री मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याला तो दिसत नाही. तो मोटारसायकलवालाही कुणाच्या तरी घरचाच ना? लाकडी पाचरीला दोरी बांधा नि दोरीचं दुसरं टोक गाडीला. म्हणजे ती विसरायची नाही.

कापडी गुंडाळीत : पाने, दोन स्क्रू ड्रायव्हर, पकड, ॲलन की, टेस्ट दिवा, इन्सुलेशन टेप, थोडी तार. सोबत एका डब्यात फ्यूज, बल्ब, पाइपाच्या क्लिपा, हवेच्या पाइपाचा तुकडा नि जोड, आणि त्याच गाडीच्या मापाचा फॅनबेल्ट. बल्ब घेताना दुकानात सांगा, मोठ्या ट्रकला २४ व्होल्टचा लागतो. मोटारीचा १२ व्होल्टचा बल्ब लावला तर लागलीच जातो.

गेजची गोष्ट राहिली. टॉमीने टायर ठोकून आवाजावरून हवा ओळखायची रीत आहे. पण मागे दोन-दोन चाकं शेजारी असतात. आतलं चाक बसलं तरी बाहेरून गाडी ठीक दिसते. मग सगळा भार बाहेरच्या टायरवर येतो, तो तापतो आणि फुटतो. गेजला फार पैसे पडत नाहीत, टायर मात्र महाग. आणि स्टेपनीची हवा बघायलाही विसरू नका, ती वर्षभर कुणाच्या लक्षात नसते.

गुंडाळी घरीच शिवा

ही गुंडाळी शिवायला सोपी आहे. जुनी ताडपत्री, खाकी ड्रिल किंवा जुन्या जीनचं कापड जोडून ९० सें. मी. लांब आणि ७४ सें. मी. रुंद तुकडा घ्या. लांबीच्या दोन्ही टोकांना ४-४ सें. मी. आणि रुंदीच्या दोन्ही कडांना २-२ सें. मी. दुमडून टीप मारा. आता ८२ बाय ७० सें. मी. कापड उरेल. खालची कड २५ सें. मी. वर दुमडा, हा झाला खिसा. त्यावर उभ्या टिपा मारून ५ सें. मी. चे चार, ७ सें. मी. चे पाच आणि ९ सें. मी. चे तीन असे बारा खण पाडा. मशीनला १८ नंबरची सुई लावा आणि प्रत्येक टीप दुहेरी मारा. वरचा १२ सें. मी. चा भाग हत्यारांवर झाकण म्हणून दुमडायचा. एका कडेला लांब नाडी लावा, गुंडाळून बांधायला.

लहान खणात स्क्रू ड्रायव्हर नि टेस्ट दिवा, बाकीच्या खणांत एकेका मापाची जोडी नि पकड. प्रत्येक खणावर पिवळ्या दोऱ्याने पान्याचा आकडा काढा. काम संपलं, की रिकामा खण लगेच सांगतो, कोणता पाना रस्त्यात राहिला किंवा कुणी उसना नेला ते. पावसाळ्यात गंज चढतो, म्हणून फेरीहून आल्यावर पाने कोरडे पुसून तेलाचं फडकं फिरवावं. मुठीला मात्र तेल नको, हात सटकतो.

अंगठी, कडं आणि गरम पाणी

तीन गोष्टी हत्यारांच्या यादीत नसतात, पण तितक्याच महत्त्वाच्या आहेत. पहिली, बॅटरीला किंवा पट्ट्याला हात लावण्याआधी अंगठी नि कडं काढायचं. बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू आला की ठिणगी उडते, अंगठी क्षणात लाल होते आणि बोट भाजतं. लग्नातली अंगठी काढायला यजमान नाखूश असतील, तर ती तुम्हीच मागून घ्या नि देव्हाऱ्यात ठेवा. बॅटरीची तार सोडताना ऋण टोकाची आधी सोडायची आणि जोडताना ती शेवटी.

दुसरी, इंजिन तापलं असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आतलं उकळतं पाणी तोंडावर येतं. गाडी बंद करून ती निवेपर्यंत थांबायचं, तेवढ्यात चहा होतो. कुणी भाजलंच तर साधं थंड पाणी वीस मिनिटं सोडत राहावं. हळद, शाई, टूथपेस्ट काही लावू नये.

तिसरी, बदललेल्या चाकाचे नट पन्नास ते शंभर किलोमीटरनंतर पुन्हा आवळायचे. ते थोडे सैल पडतात. 'पुढच्या ढाब्यावर चहाआधी नट' असं सांगून ठेवलं की लक्षात राहतं. काही जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात, तेही रविवारीच बघून वहीत लिहून ठेवा.

पावसाळ्याची भर

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आलं आणि वाहतूक कित्येक दिवस बंद राहिली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रसंग आला. कितीतरी ट्रक होते तिथेच अडकून पडले. अशा वेळी एकही पाना उपयोगी पडत नाही. जून ते सप्टेंबर गाडीत वीस लिटर पिण्याचं पाणी, शेंगदाणे, गूळ, भडंग, दशम्या, एक जादा ताडपत्री आणि रोजच्या औषधांचा आठवडाभराचा साठा असू द्या. स्टोव्ह दिला असेल तर एवढं बजावून सांगा, की बंद केबिनमध्ये तो पेटवायचा नाही. त्याचा विषारी वायू वासावरून कळत नाही, आणि झोपलेला माणूस उठत नाही.

झाकणाच्या आतला कागद

पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवा, वर प्लॅस्टिक लावा. त्यावर लिहा : तातडीच्या मदतीला ११२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३, महाराष्ट्रात रुग्णवाहिकेला १०८. त्याखाली गाडीच्या कंपनीचा मदतीचा नंबर, वाटेवरच्या दोन ओळखीच्या मेस्त्रींचे नंबर, यजमानांचा रक्तगट आणि घरचा नंबर. हे सगळं मोबाइलमध्ये असतंच, पण नेमक्या वेळी मोबाइल बंद पडलेला असतो. या यादीची दुसरी प्रत तुमच्या वहीत हवी. रात्री निपाणीपलीकडून फोन आला, की "कोणता पट्टा तुटला, जादा दिलेला आहे का, कुणाला बोलावू?" असं तुम्ही विचारू शकता. नुसतं रडू फुटण्यापेक्षा ते किती बरं!

एखाद्या घरात अजून म्हणतील, "बायकांना गाडीतलं काय कळतंय?" त्यांना नंदुरबारला वाढलेल्या योगिता रघुवंशी यांचं नाव सांगा. कायद्याची पदवी असलेल्या या बाईंनी पती वारल्यावर ट्रक चालवायला घेतला आणि देशभर माल पोचवला. आपल्याला गाडी चालवायची नसेल, पण पेटी भरायला नि तपासायला कुणाची हरकत असणार आहे?

शेवटी एक काम राहिलं. पहिल्या लांबच्या फेरीआधी, दिवसाउजेडी, रिकाम्या गाडीचं एक चाक यजमानांनी याच पेटीतल्या हत्यारांनी बदलून पाहावं. काय कमी पडतं नि काय उगाच भरलं आहे, हे तासाभरात कळतं. कमी असेल ते सोमवारी उद्यमनगरातून आणावं, जास्तीचं काढून घरी ठेवावं आणि यादीवर तारीख घालावी. मग प्रत्येक फेरीनंतर वही घेऊन पाच मिनिटं पेटीपाशी बसावं, म्हणजे पुढच्या फेरीची तयारी झालीच.